पोलादासाठी धान्य

१९५६ साली भारत सरकारने चीनला दोन शिष्टमंडळे पाठवली. एक शेतीचे नियोजन आणि तंत्र पाहायला, दुसरे तिथली सहकारी शेती पाहायला. दुसऱ्याचे नेतृत्व विदर्भातल्या आर. के. पाटलांकडे होते. ते एकेकाळचे आयसीएस अधिकारी आणि १९५० साली स्थापन झालेल्या नियोजन आयोगाच्या पहिल्या सदस्यांपैकी एक. त्यांना जे पाहायचे होते ते जगात त्याआधी कुठेच इतक्या झपाट्याने घडलेले नव्हते. १९५५च्या मध्यावर चीनमधली जेमतेम १४ टक्के शेतकरी कुटुंबे सहकारी शेतीत होती. ३१ जुलैला माओंनी भाषण करून मागे रेंगाळणाऱ्या कार्यकर्त्यांची खरडपट्टी काढली आणि १९५६ संपेपर्यंत हा आकडा ९६ टक्क्यांवर गेला. दीड वर्षात दहा कोटींहून अधिक कुटुंबांच्या जमिनी एकत्र झाल्या. पाटील शिष्टमंडळाचा अहवाल १९५७ साली आला. बहुसंख्य सदस्यांचे मत अनुकूल होते आणि भारतानेही या वाटेने जावे असा त्यांचा कल होता. पण अहवालाला दोन सदस्यांची भिन्नमतपत्रिका जोडलेली आहे. ही एकजूट शेतकऱ्यांच्या राजीखुशीची नाही, पक्षाच्या दडपणाची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या दोघांचे ऐकले गेले नाही. भारत आणि चीन यांच्या विकासात सरकारचा वाटा काय, या प्रश्नाचा सगळा गाभा त्या मतभेदात आहे, असे मला वाटते.

या दोन देशांची तुलना नेहमी एका ठराविक चाकोरीतून होते. सरकार जास्त की बाजार जास्त, हुकूमशाही बरी की लोकशाही. या चाकोरीत १९५० ते १९८० हा काळ नीट बसतच नाही. दोन्ही देशांत सरकारच मुख्य होते. दोघांनीही पंचवार्षिक योजना आखल्या, दोघांनीही अवजड उद्योगांना अग्रक्रम दिला, दोघांच्याही पाठीशी सोव्हिएत तंत्रज्ञ होते. चीनच्या पहिल्या योजनेत सोव्हिएत मदतीचे १५६ प्रकल्प होते. आपल्याकडे दुसऱ्या योजनेत भिलाई रशियाच्या, रुरकेला जर्मनांच्या आणि दुर्गापूर ब्रिटिशांच्या मदतीने उभे राहिले. फरक कारखान्यात नव्हता. कारखान्यात काम करणारा मजूर जे खाणार ते धान्य कुठून येणार, या प्रश्नाला दोन सरकारांनी दिलेली उत्तरे वेगळी होती. शेतकऱ्याशी सरकारचे नाते काय, त्याच्याकडून घेते काय, त्याला देते काय आणि त्याचे ऐकते की नाही, यावर पुढचे सगळे ठरत गेले.

हा प्रश्न त्या वेळी कुणाला दिसला नव्हता असे नाही. दुसऱ्या योजनेचा महालनोबिसांनी केलेला आराखडा चर्चेत असतानाच मुंबई विद्यापीठातल्या सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी बजावले होते की यंत्रे बनवणारी यंत्रे आधी आणि अन्नवस्त्र मागाहून, हा क्रम गरीब देशाला पेलणार नाही. मजुराच्या हातात मजुरी पडली की तो पहिल्यांदा धान्य आणि कापड घेतो. ते बाजारात नसेल तर भाव चढतात आणि योजना तिथेच अडते. तेव्हा हे मत बाजूला पडले. दुसऱ्या योजनेत शेतीचा वाटा पहिल्या योजनेपेक्षा घटला आणि १९५७ साली परकीय चलनाची टंचाई व धान्याची महागाई एकदमच दारात येऊन उभी राहिली.

चीनने हा प्रश्न १९५३ सालीच सोडवला होता. नोव्हेंबरपासून धान्याचा खासगी व्यापार बंद झाला. ठरलेला कोटा ठरलेल्या भावाने सरकारलाच घालायचा आणि सरकारने तो शहरांना रेशनवर द्यायचा. ही व्यवस्था उभी करणाऱ्या चेन युन यांना तिच्यातला धोका पुरता ठाऊक होता. धान्य नाही उचलले तर शहरे पेटतील, उचलले तर गावे. आपण दोन्ही टोकांना स्फोटके बांधलेली कावड खांद्यावर घेतली आहे, अशा अर्थाचे ते बोलले होते. सहकारी शेतीचे खरे काम इथे सुरू होते. दहा कोटी घरांच्या कणगीत हात घालण्यापेक्षा काही लाख सहकारी संस्थांच्या खळ्यावरून धान्य उचलणे सोपे. भाव सरकारचा, माप सरकारचे, खळेही सरकारच्या ताब्यात. त्यावर १९५८च्या जानेवारीत घरनोंदणीचा कायदा आला आणि गावच्या माणसाला परवान्याशिवाय शहरात राहायला जाणे बंद झाले. आन्शानच्या पोलादभट्ट्या पेटत्या राहाव्यात म्हणून शेतकरी जमिनीला खिळला. १९५२ साली साडेतेरा लाख टन असलेले चीनचे पोलाद १९५७ साली साडेत्रेपन्न लाख टनांवर गेले. भारताचे उत्पादन तेव्हा वीस लाख टनांच्याही खाली होते.

भारत सरकारला असे काही करायचे असते तरी गावात त्याचा हात तिथवर पोचत नव्हता. गावापुरते सरकार म्हणजे तलाठी, आणि १९५२च्या २ ऑक्टोबरला समूहविकास योजना सुरू झाल्यावर त्याच्या जोडीला दहाएक गावांमागे एक ग्रामसेवक. तलाठ्याच्या सात-बाऱ्यावर काय लिहिले जाते हे गावात जमीन कुणाच्या हाती आहे त्यावर ठरायचे. मुंबई राज्याचा १९४८चा कूळकायदा कसा राबला हे वि. म. दांडेकर आणि जी. जे. खुदानपूर यांनी गोखले संस्थेतर्फे तपासले, तेव्हा संरक्षण मिळालेल्या कुळांपैकी कितीतरी जण ‘स्वखुशीने’ जमीन सोडून गेल्याचे आढळले. कागदावर राजीनामा, प्रत्यक्षात हुसकावणी. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून जमीन कुळाच्या मालकीची झाली आणि कोकणात व इतरत्र त्याचा खरा फायदा अनेकांना मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांची नावे त्याआधीच खोडली गेली होती त्यांच्यापर्यंत तो दिवस पोचलाच नाही. चीनने आपला जमीनसुधार १९५० ते १९५२मध्ये गावोगाव सभा भरवून, जमीनदारांना लोकांसमोर उभे करून, लाखोंचे बळी घेऊन पुरा केला होता. ती किंमत कोणत्याही हिशेबात बसवता येणार नाही. तरी एवढे खरे की त्यानंतर चिनी गावात सरकार आणि शेतकरी यांच्या मध्ये कुणी उरले नाही, आणि भारतात मधली फळी जशीच्या तशी राहिली. याच फळीने १९५९चा सरकारी धान्यव्यापाराचा बेत बारगळवला. जानेवारीत नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने सहकारी शेतीचा ठराव केला, त्याला चरणसिंगांनी तिथेच उघड विरोध केला आणि त्या वर्षातच राजाजी, मसानी, रंगा यांनी स्वतंत्र पक्ष उभा केला. ठराव कागदावर राहिला. धान्याची भूक मग १९५६च्या ऑगस्टमध्ये झालेल्या पीएल-४८० कराराने, म्हणजे अमेरिकी गव्हाच्या बोटींनी भागवली गेली. आपल्या पोलादाला लागणारे धान्य आपण आपल्या शेतकऱ्याकडून न घेता परदेशातून उसने आणले.

याला सरकारचा दुबळेपणा म्हणायचे की शहाणपण? त्याच सुमाराला चीनमध्ये काय घडत होते ते पाहिल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. हेनान प्रांतातला शिनयांग हा विभाग घ्यावा. देशातला पहिला लोककम्यून १९५८ साली याच विभागात स्थापन झाला आणि अविश्वसनीय पिकांच्या बातम्याही इथूनच निघू लागल्या. पुढच्या वर्षी पाऊस कमी पडला आणि पीक निम्म्यावर आले. पण वर कळवले गेले ते बंपर पिकाचे आकडे, आणि कोटा त्या आकड्यांवर ठरला. धान्य भरेना तेव्हा ते शेतकऱ्यांनी लपवले आहे असे ठरवून शोधमोहीम निघाली. झडत्या झाल्या, मारहाण झाली, बियाणाचे धान्यही गेले. लोक भीक मागायला बाहेर पडू नयेत म्हणून वाटांवर पहारे बसले. पोस्टात टाकलेली हजारो पत्रे अडवून ठेवली गेली, कारण त्यांत उपासमारीचा मजकूर होता. आणि हे चालू असताना त्याच विभागातल्या सरकारी कोठारांत धान्य पडून होते. ऐंशी लाखांवर वस्तीच्या त्या एका विभागात दहा लाखांहून अधिक माणसे मेली. १९५८ साली सुमारे २० कोटी टन असलेले देशाचे धान्य १९६०मध्ये १४ कोटी ३५ लाख टनांवर आले. तरी १९५९ साली सरकारने उत्पादनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास धान्य उचलले आणि त्यातले ४० लाख टनांवर निर्यातही केले. त्या जुलैत लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी माओंना पत्र लिहून वस्तुस्थिती मांडली तर त्यांनाच पदावरून काढले गेले, आणि त्यानंतर खरा आकडा सांगण्याची हिंमत कुणी केली नाही. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. बहुतेक अभ्यासक तीन कोटींच्या आसपास येतात.

आता याच्या शेजारी महाराष्ट्रातला १९७२-७३चा दुष्काळ ठेवावा. लागोपाठच्या वाईट वर्षांनंतरचा हा दुष्काळ होता, राज्यातले धान्योत्पादन नेहमीच्या निम्म्याच्याही खाली गेले होते. विहिरी आटल्या, जनावरे दावणीला मेली, माणसे मुंबई-पुण्याकडे निघाली. निघता आली, हे महत्त्वाचे. सरकारने रस्ते, बंडिंग, पाझर तलाव यांची कामे काढली आणि मे १९७३मध्ये त्यांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. उन्हात खडी फोडायची, संध्याकाळी मुकादमाने माप घ्यायचे, हजेरीपटावर अंगठा द्यायचा. रेशनवर लाल मिलो, कामावरच्या बायापोरांना सुकडी. मजुरी थकली की लोक कामे बंद पाडत, तहसीलवर मोर्चे नेत, आमदारांना घेराव घालत. विधिमंडळात प्रश्नांचा भडिमार होई आणि वर्तमानपत्रांत गावांची नावे छापून येत. हाल झाले, कुपोषण झाले, पण भूकबळींची लाट आली नाही. दुष्काळ सरला तरी कल्पना सरली नाही. वि. स. पागे यांनी आधीच तासगाव भागात करून पाहिलेली रोजगार हमी १९७७ साली कायदा झाली आणि तिचा खर्च भागवायला शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. चीनमध्ये गावाने शहराला पोसले होते. इथे निदान एका योजनेपुरते शहराने गावाला पोसले. हे घडले ते सरकार सबळ होते म्हणून नाही. शिनयांगमध्ये दाबली गेलेली माहिती इथे ओरडून, मोर्चे काढून, मंत्र्यांच्या गाड्या अडवून वर पोचत होती, म्हणून घडले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. दुष्काळ टाळला म्हणून भारताची पाठ थोपटणाऱ्यांना ज्याँ ड्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी १९८९ साली आरसा दाखवला आहे. भारतातला मृत्युदर चीनइतका खाली आला असता तर जे मृत्यू टळले असते, त्यांची दर आठ वर्षांची बेरीज चीनच्या त्या महादुष्काळातल्या बळींहून जास्त भरते, असा त्यांचा हिशेब. ते मृत्यू गवगवा न होता होतात, अतिसाराने, बाळंतपणात, तापात. त्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही. चीनने १९६५नंतर गावातलीच माणसे काही महिने शिकवून अनवाणी डॉक्टर म्हणून उभी केली, लसी आणि साधी औषधे गावात नेली, प्राथमिक शाळा काढल्या. १९८०च्या सुमाराला चिनी माणसाचे सरासरी आयुर्मान पासष्टच्या पुढे होते, भारतीयाचे पंचावन्नच्या आसपास. चीनचे सुमारे दोन तृतीयांश प्रौढ वाचू शकत होते. आपल्या १९८१च्या जनगणनेत साक्षरता ४३.५७ टक्के होती. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. मात्र त्यातून लोकशाहीला हे जमत नाही असा निष्कर्ष काढणाऱ्यांना केरळकडे बोट दाखवावे लागेल. राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला दहा वर्षांच्या आत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली होती. ती मुदत १९६० साली संपली. त्याच काळात शिक्षणाच्या खर्चातला प्राथमिक शिक्षणाचा वाटा पहिल्या योजनेत निम्म्याहून जास्त होता तो दुसऱ्या योजनेत तिसऱ्या हिश्श्याजवळ आला. १९५८ साली पवईला आयआयटी निघाली, आणि ती निघायलाच हवी होती. पण तिच्यासाठी गावच्या शाळेचा खडू कमी करायला कुणी सांगितले नव्हते. ती निवड दिल्लीत आणि राज्यांच्या राजधान्यांत बसलेल्या, स्वतः शिकलेल्या लोकांनी केली.

दुसरा आक्षेप आज जास्त ऐकू येतो. चीन पुढे गेला तो एकपक्षीय कडक राजवटीमुळे. मग १९५८ साली काय होते? राजवट तीच, पक्ष तोच, हुकूम तितकेच कडक. १९५८ आणि १९७८ यांच्यात जे बदलले ते सरकारचे बळ नाही. डिसेंबर १९७८च्या पक्षाच्या बैठकीनंतर सरकारने धान्याचा भाव वाढवला. १९७९ साली कोट्याच्या धान्याला २० टक्के जादा, कोट्यावरच्या धान्याला त्याहूनही ५० टक्के अधिक. चीनच्या प्रगतीच्या वर्णनांत हा निर्णय बहुधा एका ओळीत उरकला जातो, पण पंचवीस वर्षांच्या नात्यात सरकारने शेतकऱ्याला मोजून दिलेली ही मोठी रक्कम होती. १९७८च्या त्याच हिवाळ्यात आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी एका गुप्त कागदावर अंगठे उमटवून जमीन घरागणिक वाटून घेतली. उघडकीला आले तर तुरुंग ठरलेला, म्हणून पकडल्या जाणाऱ्यांची मुले सांभाळायचीही हमी त्या कागदात होती. प्रांताचे पक्षप्रमुख वान ली यांनी ते चालू दिले. पाच वर्षांत ही पद्धत जवळपास सगळ्या देशात पसरली आणि १९७८चे ३० कोटी ५० लाख टन धान्य १९८४मध्ये ४० कोटी ७० लाख टनांवर गेले. आपल्याकडे हेच वळण तेरा वर्षे आधी आले होते. १९६५ साली सी. सुब्रह्मण्यम यांच्या काळात अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग निघाले, नव्या बियाणाच्या गव्हाला खात्रीचा भाव मिळाला आणि १९६४-६५चा सव्वा कोटी टन गहू १९७०-७१मध्ये जवळजवळ २ कोटी ४० लाख टनांवर पोचला. धान्यासाठी हात पुढे करणे जवळपास थांबले. दोन्ही देशांत शेतकऱ्याला भाव मिळाल्यावर जे घडले त्यात राजवटीचा रंग दिसत नाही.

पुढचा फरक मात्र दिसतो, आणि इथे भारताने संधी दवडली असे माझे ठाम मत आहे. १९८० साली बीजिंगने प्रांतांशी महसुलाचे करार केले. चिनी भाषेत त्या व्यवस्थेचे नाव ‘वेगळ्या चुलींवर जेवणे’ असे आहे, आणि मराठी माणसाला ते वेगळे समजावून सांगायला नको. ठरलेला हिस्सा वर पाठवला की उरलेले आपले. ही चूल तालुक्यापर्यंत आणि गावापर्यंत वेगळी झाली. हाती पैसा राहतो म्हटल्यावर गावोगावच्या स्थानिक सरकारांनी विटा, खिळे, कापड, पंखे, यंत्रांचे सुटे भाग काढायला सुरुवात केली. बीजिंगचा परवाना लागत नव्हता. १९७८ साली २ कोटी ८० लाख माणसे अशा ग्रामीण उद्योगांत होती, १९९६ साली साडेतेरा कोटी. हे आपण योजले नव्हते, असे खुद्द चीनचे नेते डेंग शियाओपिंग यांनी १९८७ साली परदेशी पाहुण्यांपुढे कबूल केले. याचे बी आपल्याकडे कधीच पडले होते. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले, मुंबई सरकारने भांडवल घातले आणि १९५०च्या अखेरीला प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले. गावचा पैसा, सरकारचा टेकू, मालकी शेतकऱ्याची. पण हे बी उसापलीकडे फारसे रुजले नाही. क्षमता किती आणि माल कोणता हे १९५१च्या उद्योग कायद्याखाली दिल्लीत ठरत होते, आणि लघुउद्योगांसाठी राखून ठेवलेल्या वस्तूंची यादी वाढत वाढत आठशेंवर गेली होती. त्या यादीतला कारखाना मोठा झाला की गुन्हा ठरायचा.

म्हणजे शेवटी बाजारानेच तारले, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. त्या ग्रामीण कारखान्यांचे मालक बहुतांशी गावची सरकारे होती, कर्ज सरकारी पतसंस्था देत होत्या, आणि यंत्रावर उभी राहणारी मुलगी आधीच्या वीस वर्षांत सरकारने काढलेल्या शाळेत अक्षरे शिकून आली होती. बाजार खुला झाला तेव्हा त्यात उतरायला माणूस तयार होता. १९९१च्या जुलैत आपला बाजार खुला झाला तेव्हा निम्मा देश निरक्षर होता, आणि खुल्या बाजारात ज्यांनी पहिली उडी घेतली ते पवईसारख्या संस्थांतून बाहेर पडलेले होते.

त्यानंतरची १९९३ आणि १९९४ ही दोन वर्षे विलक्षण आहेत. २४ एप्रिल १९९३ रोजी ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि भारताने पंचायतींना घटनेत जागा दिली, दर पाच वर्षांनी निवडणूक दिली, बायकांना तिसरा हिस्सा दिला. करवसुलीचे म्हणावे असे अधिकार मात्र दिले नाहीत. ग्रामपंचायतीच्या हाती घरपट्टी, पाणीपट्टी आणि वरून येणाऱ्या निधीची वाट पाहणे उरले. पुढच्या जानेवारीत, १९९४ साली, चीनने उलट दिशेने पाऊल टाकले. नव्या करवाटपाने एका वर्षात महसुलातला केंद्राचा वाटा २२ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर नेला, पण शाळा, दवाखाने, पेन्शन यांचा भार गावांच्याच गळ्यात ठेवला. चिनी गावांनी तो भार शेतकऱ्यांवर नाना पट्ट्या बसवून उचलला. नव्वदच्या दशकात त्यांच्याविरुद्ध खेड्यांत दंगे झाले आणि २००६ साली शेतसारा कायमचा रद्द करावा लागला. सारा गेल्यावर तालुक्याच्या तिजोरीकडे विकायला एकच गोष्ट उरली, गावाची जमीन, आणि ती विकायला शेतकऱ्याची संमती लागत नव्हती.